‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर आधी पाथ बघा: प्रोग्रॅम कुठे ठेवायचे आणि शेलला कसे दाखवायचे

टर्मिनलमध्ये काही टाइप केलं आणि ‘कमांड नॉट फाउंड’ असं उत्तर आलं, की नवशिक्याला चारही बाजूंनी एकच सल्ला मिळतो: काढून टाक आणि पुन्हा इन्स्टॉल कर. शहरात फायबरची लाइन असेल तर तो परवडतो. राजापूर, देवगड, गुहागरकडच्या वाडीत भर पावसात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चारशे-पाचशे एमबीची फाइल उतरवायची म्हणजे दिवसाचा डेटा पॅक संपतो, आणि मधेच लाइट गेली तर डाउनलोड पहिल्यापासून. एवढं करूनही एरर तीच राहते, कारण प्रोग्रॅम आधीपासून डिस्कवर होताच. शेल, म्हणजे तुम्ही टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, तिथे बघत नव्हतं, इतकंच.

कणकवली-सावंतवाडी भागात मी विद्यार्थ्यांचे, छोट्या दुकानदारांचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांचे संगणक लावून देतो. बरेचसे सेकंडहँड लॅपटॉप, काहींवर विंडोज, काहींवर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार. त्यांच्या अडचणींतला मोठा भाग दोनच गोष्टींत सापडतो. एक, प्रोग्रॅम आहे पण शोधाच्या वाटेवर नाही. दोन, वाटेवर त्याच नावाचा दुसराच प्रोग्रॅम आधी भेटतो. दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण त्यात ‘सापडत नाही’ असं कोणी सांगत नाही.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक सूचना. कमांड, फाइलींची नावं आणि त्यांतले आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायचे. ‘पाथ’ हे व्हेरिएबल लिनक्सवर मात्र कायम मोठ्या अक्षरांत. ‘युएसआर’, ‘टीआर’ अशी नावं म्हणजे सुटी इंग्रजी अक्षरं एकापुढे एक.

काय काय जवळ हवं

- तुमच्या नावाचं लॉगिन. ॲडमिनचा पासवर्ड यातल्या बहुतेक कामांना लागत नाही, आणि नसला तर बरंच.
- साधा टेक्स्ट एडिटर: लिनक्सवर नॅनो, विंडोजवर नोटपॅड. वर्ड नको. तो सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतो आणि मग स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली टेक्स्ट फाइल, चालत नाही.
- प्रोग्रॅमांच्या मूळ झिप किंवा टार फाइली साठवायला पेनड्राइव्ह. एकदा उतरवलेलं परत उतरवायची वेळ येऊ देऊ नका.
- सध्याच्या पाथची प्रत. ही पहिल्याच पायरीत घ्यायची आहे.

१. आत्ता पाथमध्ये काय आहे ते बघा आणि जपून ठेवा

पाथ म्हणजे डिरेक्टऱ्यांची, म्हणजे फोल्डरांची, एक क्रमवार यादी. तुम्ही नुसतं नाव टाइप केलं, की शेल ही यादी पहिल्यापासून तपासतं आणि त्या नावाची चालवता येणारी फाइल जिथे पहिल्यांदा भेटेल तीच चालवतं. पुढच्या जागा मग बघतही नाही. आपल्याकडे एखाद्या वाडीत निम्मी घरं सावंतांची असतात. नव्या पोस्टमनला घरांची यादी दिली आणि पत्रावर नुसतं ‘सावंत’ असलं, तर यादीतल्या पहिल्या सावंतांकडे पत्र टाकून तो मोकळा होईल. पाथ नेमका तसाच वागतो, म्हणून यादीत काय आहे याइतकाच तिचा क्रमही महत्त्वाचा.

लिनक्सवर यादी अशी बघा:

एको $पाथ | टीआर ':' '\एन'

लिनक्सवर दोन जागांच्या मध्ये अपूर्णविराम असतो. ही कमांड तो काढून प्रत्येक जागा वेगळ्या ओळीवर दाखवते. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘पाथ’ टाइप करा. पॉवरशेलमध्ये:

$एन्व्ह:पाथ -स्प्लिट ';'

विंडोजमध्ये अर्धविराम, कारण अपूर्णविराम ‘सी:’ मध्ये आधीच अडकलेला आहे.

आता हीच यादी एका फाइलीत घ्या. लिनक्सवर ‘एको $पाथ > ~/पाथ-जुना.टीएक्सटी’ (~ म्हणजे तुमच्या लॉगिनची घरची डिरेक्टरी). विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पाथ > पाथ-जुना.टीएक्सटी’. ही पायरी गाळू नका. पुढे काही बिघडलं तर या फाइलीवरून सगळं पूर्ववत करता येतं.

लिनक्सच्या यादीत /युएसआर/बिन आणि /बिन अशा दोन्ही जागा दिसल्या तर गोंधळू नका. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये एका डिस्कवर जागा पुरेना म्हणून प्रोग्रॅम दोन ठिकाणी विभागले गेले आणि ती विभागणी पुढे कित्येक वर्षं तशीच चालत आली. फेडोरा या लिनक्सने २०१२ मध्ये १७व्या आवृत्तीत दोन्ही एकत्र केल्या. उबुंटू ज्यावर आधारलेलं आहे त्या डेबियनच्या २०२३ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून तर एकत्र मांडणीच गृहीत धरलेली आहे. म्हणजे आजच्या संगणकावर /बिन हा बहुधा /युएसआर/बिनकडे नेणारा दुवा असतो.

२. एरर शब्दशः वाचा

‘चालत नाही’ एवढ्यावरून काही कळत नाही. माझ्याकडे येणारी मुलं सांगतात, “दादानू, काल चलत होता, आज चलणा नाय.” मी पहिल्यांदा एररची ओळ वाचून दाखवायला सांगतो, कारण उपाय त्या ओळीवरूनच ठरतो.

‘कमांड नॉट फाउंड’ किंवा विंडोजवरचं ‘इज नॉट रेकग्नाइझ्ड’ हे खऱ्या अर्थाने पाथचं दुखणं. नाव चुकलंय किंवा जागा यादीत नाही.

‘परमिशन डिनाइड’ म्हणजे फाइल सापडली, पण ती चालवायची परवानगी नाही. लिनक्सवर ‘सीएचमॉड +एक्स फाइलचं-नाव’ करा.

‘बॅड इंटरप्रिटर’ दिसलं आणि शेवटी टोपीचं चिन्ह व मोठा एम असला, तर स्क्रिप्ट विंडोजवर लिहिलेली आहे. विंडोज ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह घालतं आणि लिनक्स ते इंटरप्रिटरच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावाचाच भाग समजतं. ‘डॉस२युनिक्स’ नावाचं छोटं साधन ते काढून देतं.

सगळ्यात फसवी एरर म्हणजे फाइल डोळ्यांसमोर असताना येणारी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल असते, पण तिला चालवायला लागणारी दुसरी फाइल नसते. ६४ बिटच्या लिनक्सवर जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम उतरवला की हमखास हे होतं. तिथे पाथ कितीही बदललात तरी उपयोग नाही.

३. नक्की कोण चालतंय ते शेललाच विचारा

लिनक्सवर ‘टाइप -ए’ आणि पुढे कमांडचं नाव. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर’ आणि पुढे नाव. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ हे दुसऱ्याच कामाचं टोपणनाव आहे, तिथे पूर्ण ‘व्हेअर.ईएक्सई’ लिहा किंवा ‘गेट-कमांड’ वापरा. त्या नावाचे जितके प्रोग्रॅम वाटेवर असतील ते क्रमाने दिसतात आणि पहिला असतो तो चालतो.

लिनक्सवर ‘व्हिच’ही बरेच जण वापरतात, पण मी ‘टाइप’ला पसंती देतो. व्हिच फक्त डिरेक्टऱ्यांत बघतो. टाइप शेलच्या आतल्या कमांड, टोपणनावं आणि फंक्शनही दाखवतो, आणि शेल त्यांनाच पाथच्या आधी विचारतं. नवशिके पहिल्या स्क्रिप्टचं नाव हटकून ‘टेस्ट’ ठेवतात. ती चालवली की काहीच होत नाही, एररही येत नाही, कारण त्या नावाची कमांड बॅशच्या, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलच्या, पोटातच आहे आणि आधी ती चालते. स्क्रिप्टला नाव देण्याआधी ‘टाइप’ करून ते रिकामं आहे का बघा.

विंडोजवरचं माझ्या रोजच्या कामातलं उदाहरण सांगतो. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांना फोटो ठरावीक केबीच्या आत बसवावा लागतो. त्यासाठी इमेजमॅजिक हा कमांडने फोटो बदलणारा प्रोग्रॅम उत्तम. पण जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत त्याची कमांड ‘कन्व्हर्ट’ अशी दिलेली असते. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये ‘कन्व्हर्ट’ नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम आहे, आणि तो डिस्कची फाइल सिस्टम फॅटवरून एनटीएफएस करण्यासाठी आहे! सिस्टम३२ यादीत आधी असतं, म्हणून फोटोचं नाव त्या डिस्कवाल्या प्रोग्रॅमकडे जातं आणि भलतीच एरर येते. लोक इमेजमॅजिक पुन:पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. ७व्या आवृत्तीपासून त्याची मुख्य कमांड ‘मॅजिक’ आहे (इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘सी’नंतर ‘के’ही), ती वापरली की भांडणच मिटतं:

मॅजिक फोटो.जेपीजी -डिफाइन जेपीईजी:एक्स्टेंट=५०केबी लहान.जेपीजी

‘फाइंड’ आणि ‘सॉर्ट’ यांचंही तसंच. विंडोजवर त्या नावांचे प्रोग्रॅम आहेत आणि युनिक्सच्या जगातही आहेत, आणि त्यांची कामं व पर्याय जुळत नाहीत.

पायथन शिकणाऱ्यांसाठी खास. विंडोज १० आणि ११ वर ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडलं, तर ते ‘विंडोजॲप्स’ फोल्डरमधल्या एका नकली पायथन फाइलीमुळे. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियसेस’ शोधा, पायथनच्या समोरची बटणं बंद करा, आणि मग खरा पायथन इन्स्टॉल आहे का ते ‘व्हेअर’ने तपासा.

४. लिनक्सवर आपल्या प्रोग्रॅमांना एक घर द्या

पॅकेज मॅनेजरने, म्हणजे लिनक्सच्या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने, आणलेले बहुतेक प्रोग्रॅम /युएसआर/बिनमध्ये जातात. ती जागा त्याची. तिथे हाताने काहीही टाकू नका, पुढच्या अपडेटमध्ये ते पुसलं जाऊ शकतं किंवा अपडेटच अडू शकतं. संगणकावरच्या सगळ्यांसाठी हाताने काही बसवायचं असेल तर /युएसआर/लोकल/बिन. स्वतःच्या सगळ्या फाइली एकत्र बाळगणारे मोठे प्रोग्रॅम /ऑप्टमध्ये. या तिन्ही ठिकाणी ॲडमिनचे अधिकार लागतात.

एकट्यापुरतं काम असेल, आणि शिकताना ते तसंच असतं, तर घरच्या डिरेक्टरीत दोन जागा करा:

एमकेडीआयआर -पी ~/.लोकल/बिन ~/.लोकल/ऑप्ट

उतरवलेला प्रोग्रॅम ~/.लोकल/ऑप्टमध्ये त्याच्या नावाच्या आणि आवृत्तीच्या फोल्डरात उघडा. ‘डाउनलोड्स’मध्ये तसाच ठेवून तिथून चालवू नका, महिन्याभराने डिस्क भरली की तुम्हीच तो फोल्डर रिकामा करणार. मग ~/.लोकल/बिनमध्ये फक्त दुवा करा:

एलएन -एस ~/.लोकल/ऑप्ट/प्रोग्रॅम-२.१/बिन/प्रोग्रॅम ~/.लोकल/बिन/प्रोग्रॅम

फायदा असा की पाथमध्ये कायम एकच जागा राहते. नवी आवृत्ती आली की ती शेजारच्या फोल्डरात उघडायची, जुना दुवा काढून नवा करायचा. नवीन बिघडलेली निघाली तर दुवा परत जुन्याकडे वळवायचा; काही डाउनलोड करावं लागत नाही. आमच्याकडे हे फार मोलाचं आहे.

काही प्रोग्रॅम आपल्या शेजारच्या फाइली शोधतात आणि दुव्यावरून चालवले तर गडबडतात. तिथे दुव्याऐवजी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा. पहिली ओळ ‘#!/बिन/एसएच’, दुसरी ‘एक्झेक’ आणि प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता, शेवटी "$@". त्या शेवटच्या चिन्हांमुळे तुम्ही दिलेले सगळे पर्याय जसेच्या तसे पुढे जातात. अवतरणचिन्हं विसरलात तर नावात मोकळी जागा असलेल्या फाइलींचे तुकडे होतात.

तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टही इथेच ठेवा. हापूसच्या हंगामात वाशी मार्केटला किती पेट्या गेल्या, किती पैसे आले याचा हिशेब करणारी ‘पेटी’ नावाची स्क्रिप्ट एका बागायतदाराच्या मुलीने लिहिली आहे. ती ~/.लोकल/बिनमध्ये ठेवल्यावर कुठल्याही फोल्डरात असताना नुसतं ‘पेटी’ म्हटलं की चालते.

५. विंडोजवर तेच

सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘टूल्स’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘बिन’ नावाचा आणखी एक. नाव इंग्रजी लिपीत, मोकळी जागा नसलेलं ठेवा. युनिकोड आता सगळीकडे असला तरी कमांड लाइनवरचे कित्येक जुने प्रोग्रॅम देवनागरी फोल्डरनावाला अडखळतात. डेस्कटॉपवरही ठेवू नका. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपची खरी जागा वेगळीच असते आणि तुमचा मोबाइल डेटा प्रोग्रॅम वर चढवण्यात जातो.

एकाच फाइलीचा प्रोग्रॅम असेल तर तो सरळ ‘बिन’मध्ये. सोबत डीएलएल, म्हणजे त्याला चालायला लागणाऱ्या जोडफाइली असतील तर सगळा प्रोग्रॅम ‘टूल्स’मध्ये त्याच्या फोल्डरात, आणि ‘बिन’मध्ये त्याच्याकडे पाठवणारी एक ओळीची .सीएमडी फाइल:

@"सी:\टूल्स\इमेजमॅजिक\मॅजिक.ईएक्सई" %*

दोन खाचखळगे. एका बॅच फाइलीतून अशी .सीएमडी फाइल चालवायची असेल तर तिच्या आधी ‘कॉल’ लिहा, नाहीतर ती संपल्यावर तुमची मूळ बॅच फाइल पुढच्या ओळीवर येतच नाही. आणि एकाच फोल्डरात एकाच नावाची .ईएक्सई व .सीएमडी ठेवू नका. विंडोजच्या नेहमीच्या क्रमात ईएक्सई आधी येते.

६. जागा पाथमध्ये नोंदवा

लिनक्स. उबुंटू किंवा डेबियनवर घरच्या डिरेक्टरीतली ‘.प्रोफाइल’ फाइल उघडून बघा. ~/.लोकल/बिन ही डिरेक्टरी असेल तर ती पाथमध्ये घ्या, असं सांगणाऱ्या ओळी तिच्यात बहुधा आधीच असतात. मग तुम्हाला काही लिहायचंच नाही. पण ही फाइल लॉगिन करतानाच वाचली जाते. नवी टर्मिनल खिडकी उघडून भागत नाही. एकदा लॉगआउट करून परत आत या. डिरेक्टरी केली, दुवा केला, तरी सापडत नाही म्हणून येणाऱ्यांतले बरेच जण इथेच अडकलेले असतात.

ओळी नसतील तर फाइलीच्या शेवटी ही एक घाला:

एक्स्पोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"

‘होम’ही मोठ्या अक्षरांत. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची नाही. घरच्या डिरेक्टरीत ‘.बॅश_प्रोफाइल’ नावाची फाइल असेल तर बॅश ‘.प्रोफाइल’ वाचतच नाही, तेव्हा ती आहे का तेही बघा. मॅकवर २०१९ पासून, म्हणजे कॅटालिनापासून, नेहमीचं शेल झेडएसएच आहे. तिथे हीच ओळ ‘.झेडप्रोफाइल’मध्ये जाते.

ओळीच्या शेवटचं $पाथ विसरलात तर सगळी यादी पुसली जाते आणि फोल्डरातल्या फाइली दाखवणारी ‘एलएस’सुद्धा सापडत नाही. घाबरू नका, काहीही डिलीट झालेलं नाही. त्याच खिडकीत हे टाइप करा:

पाथ=/युएसआर/बिन:/बिन

नॅनो परत चालू लागेल. फाइल दुरुस्त करा, पुन्हा लॉगिन करा.

विंडोज. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ एवढं टाइप केलं की ‘एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट’ दिसतं. ते उघडा, वरच्या भागातला ‘पाथ’ निवडा, ‘एडिट’, मग ‘न्यू’, आणि सी:\टूल्स\बिन लिहा. उघड्या असलेल्या सगळ्या टर्मिनल खिडक्या बंद करून नवी उघडा. जुन्या खिडकीला बदल कळत नाही.

खालच्या भागात सिस्टमचा पाथ असतो. त्याला हात लावू नका. विंडोज आधी सिस्टमची यादी घेतं, तिच्यामागे तुमची जोडतं. ‘कन्व्हर्ट’च्या भांडणात सिस्टम३२ जिंकतं ते यामुळेच. क्रम उलटवायच्या नादात सिस्टमच्या यादीत आपला फोल्डर वर घालणारे सल्ले मिळतील. दुकानातल्या संगणकावर चार जण बसतात, आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या फोल्डरात विंडोज सहसा कोणालाही लिहू देतं. तो फोल्डर सिस्टमच्या यादीत वर असला, तर त्यात कोणी टाकलेली फाइल सगळ्यांच्या नावाने चालेल.

आणि एक कळकळीची विनंती: व्हिडिओत बघून ‘सेटएक्स’ची कमांड चिकटवू नका. ‘सेटएक्स पाथ "%पाथ%;...”’ असं केलं, की सिस्टमची आणि तुमची यादी एकत्र होऊन तुमच्या नावावर जाते. वर हे साधन १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. यादीचा शेपटाकडचा भाग कायमचा जातो आणि ते कळतं महिन्याभराने, एखादा प्रोग्रॅम लागतो तेव्हा. असं झालेलं असेल तर पहिल्या पायरीतली पाथ-जुना.टीएक्सटी उघडा.

७. टिंब पाथमध्ये घालू नका

लिनक्सवर आपण ज्या फोल्डरात उभे असतो तिथला प्रोग्रॅम नुसत्या नावाने चालत नाही; ‘./पेटी’ असं पुढे टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते. कंटाळून काही जण पाथमध्येच टिंब घालतात, म्हणजे ‘जिथे असेन तिथे बघ’. हे करू नका. आपल्याकडे पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून शाळेत, शाळेतून घरी असा फिरतो. त्यात कोणी ‘एलएस’ नावाची फाइल ठेवली आणि टिंब यादीत पहिलं असलं, तर फोल्डरात काय आहे ते बघायला गेलात की तीच चालेल.

हे टिंब नकळतही शिरतं. यादीच्या सुरुवातीला किंवा शेवटी सुटा अपूर्णविराम राहिला, किंवा मध्ये दोन अपूर्णविराम सलग आले, तर ती रिकामी जागा म्हणजे चालू डिरेक्टरी असाच अर्थ घेतला जातो. पहिल्या पायरीतल्या कमांडमध्ये रिकामी ओळ दिसली तर समजा.

विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट डॉसच्या काळापासून चालू फोल्डर सगळ्यांच्या आधी बघत आला आहे. पॉवरशेल तसं करत नाही, त्यालाही .\ द्यावं लागतं. पेनड्राइव्हवर काम करताना पॉवरशेल वापरायला मी सांगतो ते यासाठी.

८. टर्मिनलमध्ये चालतं, दुसरीकडे नाही

दुवा बदलला तरी जुनाच प्रोग्रॅम चालतोय किंवा जुन्या जागेच्या नावाने एरर येतेय? बॅश एकदा सापडलेली जागा लक्षात ठेवतं. ‘हॅश -आर’ करा, विसरेल.

‘सुडो पेटी’ सापडत नाही? सुडो, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं साधन, बहुतेक ठिकाणी स्वतःची वेगळी, सुरक्षित यादी वापरतं, तुमची नाही. ते योग्यच आहे. पूर्ण पत्ता द्या.

रात्री आपोआप चालायला क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेळापत्रकात, लावलेली स्क्रिप्ट गप्प बसते? क्रॉनचा पाथ फार तोकडा असतो, साधारण /युएसआर/बिन आणि /बिन एवढाच. क्रॉनच्या फाइलीत वर ‘पाथ=’ची ओळ लिहिता येते, पण तिथे $पाथ किंवा $होम उलगडून घेतलं जात नाही; सगळे पत्ते पूर्ण लिहा.

लायब्ररीसाठी ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ किंवा पायथनसाठी ‘पायथनपाथ’ (दोन्ही मोठ्या अक्षरांत) ‘.प्रोफाइल’मध्ये कायमचे लिहा, असं कोणी सांगितलं तर थांबा. एका प्रोग्रॅमपुरती सोय केलेली असते आणि तिचा परिणाम सगळ्या प्रोग्रॅमांवर होतो. ज्याला लागतं त्याच्याच दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये ते घाला.

९. दुसऱ्या संगणकावर नेताना

चौथ्या आणि पाचव्या पायरीतली मांडणी केली असेल तर आता काम सोपं आहे. विंडोजवर ‘टूल्स’ फोल्डर उचलून तसाच सी ड्राइव्हवर ठेवा आणि पाथची एक नोंद करा. स्वतंत्र चालणारे, म्हणजे पोर्टेबल प्रकारचे प्रोग्रॅम असेच चालू होतात. इन्स्टॉलरने बसवलेले असे हलत नाहीत, त्यांच्या इन्स्टॉलर फाइली पेनड्राइव्हवर असू द्या.

लिनक्सवर फोल्डर सरळ पेनड्राइव्हवर कॉपी करू नका. पेनड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅटचा असतो. त्यावर फाइल चालवण्याची परवानगी साठत नाही आणि दुवेही राहत नाहीत. आधी एका टार फाइलीत बांधा:

टार -सीझेडएफ साधनं.टार.जीझेड -सी ~ .लोकल/बिन .लोकल/ऑप्ट

यातला दुसरा सी, म्हणजे ~ च्या आधीचा, मोठा. ‘साधनं’ऐवजी इंग्रजी लिपीतलं काहीही नाव द्या. नव्या संगणकावर:

टार -एक्सझेडएफ साधनं.टार.जीझेड -सी ~

इथेही ~ च्या आधीचा सी मोठा. दुवे करताना घरचा पूर्ण पत्ता त्यांत लिहिला गेलेला असतो, म्हणून नव्या संगणकावर वापरकर्त्याचं नाव वेगळं असेल तर ते तुटलेले निघतील. ‘एलएस -एल ~/.लोकल/बिन’ करून बघा आणि तुटलेले चौथ्या पायरीतल्या कमांडने पुन्हा करा. नंतर लॉगआउट, लॉगिन, आणि प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एकदा ‘टाइप -ए’.